सीट दोन बोटं वर

फ्रिजवर या महिन्याचं वेळापत्रक, तीन रंगांत.
निळा माझा, म्हणजे सबस्टेशन.
लाल हिचा, मेडिकलमधली रात्रपाळी.
हिरवा पोरींचा: उत्पलाचा बीजगणिताचा पेपर,
खेमाची खो-खोची निवड,
आणि एका चौकोनात नुसतंच ‘पुठ्ठा’.
कुणी लिहिलं, कशासाठी,
अजून कुणी कबूल केलेलं नाही.

फागुन लागला हे मला झाडांवरून कळत नाही,
फीडरच्या लोडवरून कळतं.
मानेवाड्यात कुणीतरी पहिला कूलर लावतो,
काटा किंचित उचलतो,
मग बेसा, मग नरेंद्रनगर,
आणि मी लॉगबुकात आकडे लिहीत जातो
एखाद्यानं मोहोराची नोंद ठेवावी तसे.
बेसा रोडला म्हणे काटेसावर फुललीय.
“बाबा, तुम्ही रोज तिथूनच जाता ना?”
जातो.
हेल्मेटची काच खाली असते.

हिची-माझी गाठ जिन्यात.
ती चढते, मी उतरतो.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर
चावी, डबा आणि चार वाक्यं हातोहात जातात:
“खेमीले खोकला हाय. गॅस संपत आला.
थोरली बोलून नाही राहिली कालपासून,
जरा विचारजा.”
तिच्या बोटांना स्पिरिटचा वास,
पिशवीत बर्डीवरून घेतलेली
शेवटच्या तोडीची, सालं सुटलेली संत्री.

थोरलीला विचारलं.
म्हणाली, काही नाही.
मग म्हणाली, दार लोटून घ्या.
मी दार लोटलं
आणि बराच वेळ बाहेर उभा राहिलो.
अठरा वर्षं खांबांवर चढलो,
तार चालू आहे की बंद
हे हात न लावता सांगणारा टेस्टर खिशात असतो.
इथं तो कुठं टेकवायचा?

रविवारी कूलर गच्चीत काढला.
जुन्या ताट्या झटकल्या. टाकीच्या तळाशी
एक क्लिप, एक शार्पनर
आणि खेमाचा तो दात,
जो गेल्या एप्रिलात छपरावर फेकताना
भलतीकडेच गेला म्हणून ती रात्रभर रडली होती.
तिनं चिमटीत धरून पाहिला.
“एवढाच होता?”
आणि परत मलाच देऊन टाकला,
जणू हरवला मीच होता.

मग सायकल.
दिवाळीत उत्पलाची सायकल खेमाकडे आली
तेव्हा सीट पार खाली ठोकली होती.
आता गुडघे हँडलला लागून राहिले.
बोल्ट जाम. तेलाचे दोन थेंब, थोडं थांबणं,
पुन्हा पाना.
उत्पला कधी खाली आली कळलं नाही,
न बोलता मागचं चाक धरून उभी राहिली.
सीट वर सरकली
तसा नळीत बुडालेला दांडा बाहेर आला:
गंज जिथं थांबतो त्याच्याखाली
दोन बोटं, नवाकोरा, चकचकीत.
“हे तर अजून नवीनच आहे ना, बाबा.”
कालपासूनचं पहिलं वाक्य.

दांड्यावर एक आडवी रेघ कोरलेली असते,
त्याच्या वर काढायचं नाही म्हणून.
मी बोटानं चाचपली.
अजून आत होती.

खेमा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली,
ब्रेक न लावता.
उत्पला तिच्यावर ओरडली,
अगदी हिच्यासारखी.

रात्री साडेनऊला: “बाबा, उद्या पुठ्ठा लागतो.”
दुकानं बंद.
कूलरच्या नव्या पंपाचा खोका फाडला,
उत्पलानं पट्टी लावून कापून दिला,
कडेला छापलेलं ‘सरळ उभे ठेवा’ तसंच राहिलं.

वॉर्डातून फोन आला.
जेवल्या का? जेवल्या.
खोकला? कमी आहे.
आणि थोरली?
बोलली, मी म्हणालो.
काय बोलली?
सांगायला तोंड उघडलं
तर तिकडं कुण्या खाटेची बेल वाजली.
“बरं,” ती म्हणाली,
“सकाळी जिन्यात सांगजा.”